कामाला जाणारी आई, घरी असणारी आई आणि सरकारचा पाळणा

[दृश्य: सोलापूर. उंबऱ्याशी बसलेली ताई, मांडीवर सूप, हात बिड्या वळतायत, मागे झोळीत बाळ]

सांगा बरं, ही ताई कामाला जाणारी की घरी असणारी?

कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा घेऊन यायचं, घरी बसून पानं कापायची, बिड्या वळायच्या, हजाराच्या हिशोबाने मोजून परत द्यायच्या आणि हे सगळं चालू असताना एका पायाने झोळीला झोका द्यायचा. शेजारीपाजारी विचारा, सांगतील की ती घरीच असते. आणि सरकारी फॉर्मवर ‘व्यवसाय’ असं लिहिलेल्या रकान्यात बहुतेक वेळा ‘गृहिणी’ हाच शब्द पडतो.

लहान मुलांच्या सांभाळासाठी सरकारने पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणाला, हा वाद आता घराघरात व्हायला लागलाय, आणि तो नेहमी दोन बायकांमध्ये लावून दिला जातो. एक नोकरी करणारी, ती म्हणते की मी टॅक्स भरते, पाळणाघराला महिन्याला हजारो रुपये जातात, मला थोडी मदत मिळाली तर बिघडलं काय. दुसरी घरी असणारी, ती म्हणते की मी स्वतः मूल सांभाळलं, त्यासाठी नोकरी सोडली, मग नोकरीवालीच्या मुलाच्या पाळणाघराला पैसा आणि माझ्या वाट्याला शून्य, हा कुठला न्याय. दोघींचंही म्हणणं खरं आहे. पण त्या भांडणात ही सोलापूरची ताई कुठेच येत नाही, आणि महाराष्ट्रात तिच्यासारख्याच जास्त आहेत, हे आम्हाला या व्हिडिओत दाखवायचंय.

[दृश्य: हिंजवडी, कंपनीचं गेट, गळ्यात आयकार्ड, हातात बाळाची बॅग]

आधी कायद्यात काय लिहिलंय ते बघू.

2017 मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला, पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली (पहिल्या दोन मुलांसाठी), आणि जिथे 50 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येईल असंही त्यात लिहिलं. चांगला कायदा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण या रजेचा पगार सरकार देत नाही, कंपनी देते. त्यामुळे छोट्या कंपन्यांमध्ये नवीन लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत आडून आडून काय विचारतात ते तुम्हाला माहितीये. आणि पाळणाघराची सक्ती जिथे 49 माणसं आहेत तिथे नाही, शेतात नाही, धुण्याभांड्याच्या कामाला नाही, फुटपाथवर भाजी विकणाऱ्या मावशीला तर नाहीच नाही.

सरकारी नोकरीत अजून वेगळं. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे, पूर्ण नोकरीत मिळून 730 दिवस, त्यातले पहिले 365 दिवस पूर्ण पगार आणि पुढचे 365 दिवस 80 टक्के. महाराष्ट्राने आपल्या कर्मचाऱ्यांना 2018 मध्ये 180 दिवस दिले. त्यांच्यावर आमचा काही राग नाही, त्यांना मिळतंय ते मिळायलाच हवं.

आता दुसरं टोक बघा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये मातृत्व लाभ मिळेल, सरकारी नोकरीवाल्या आणि ज्यांना दुसऱ्या कायद्याने तसाच लाभ मिळतो त्या सोडून. मग 2017 मध्ये प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली, आणि तिच्यात 5000 रुपये, हप्त्यांमध्ये, आणि तेही पहिल्याच बाळासाठी. 2022 पासून दुसऱ्या बाळासाठी 6000 मिळतात, पण ती मुलगी झाली तरच. म्हणजे कायदा म्हणाला प्रत्येक आई, आणि योजनेने त्यात मूल कितवं, मुलगा की मुलगी अशा चाळण्या लावल्या. आणि योजनेचा उद्देश काय लिहिलाय? बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई. पाच हजारात किती दिवसांची मजुरी भरून निघते ते तुम्हीच करा हिशोब.

एकीकडे 730 दिवस, मध्ये 26 आठवडे, आणि खाली पाच हजार. आमच्या मते अन्याय इथे आहे. नोकरीवाली आणि घरवाली यांच्यात जेवढी दरी आहे त्याच्या कितीतरी पट मोठी दरी पगाराची स्लिप असणारी आणि नसणारी यांच्यात आहे.

[दृश्य: उसाचा फड, पहाटेचा अंधार, टायरगाडी]

स्लिप नसणं म्हणजे काय ते उसाच्या फडात कळतं.

दिवाळीच्या आसपास बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाईचा वेगळा हिशोब नाही, वेगळं नाव नाही, पैसे नवऱ्याच्या हातात. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर उचलून गाडीत भरते, ट्रक रात्री आला तर रात्री भरते, आणि एखाद्या दिवशी अंगावर काढता येणार नाही इतकं दुखलं आणि ती थांबली तर खाडा पडतो, म्हणजे उलटे पैसे कापले जातात. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांची बातमी देशभर गाजली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते आठवत असेल. एक दिवस सुट्टी परवडत नाही म्हणजे काय, हे त्या बातमीत होतं.

अशा आईचं वर्षाचं बाळ कुठे असतं? फडाच्या कडेला पाचटावर, नाहीतर खोपीत थोरल्या बहिणीकडे. ती थोरली बहीण म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोर, जिची शाळा गावाकडे चालू आहे आणि ती इथे आहे. पाळणाघर नसलं की सांभाळायचं काम थांबत नाही, ते घरातल्या सगळ्यात लहान बाईमाणसावर जाऊन पडतं, हे आम्हाला सगळ्यात जास्त टोचतं आणि पाळणाघराच्या चर्चेत ते कुणी बोलत नाही.

आपल्याकडे याचा विचारच झाला नव्हता असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात 30 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर पाहिजे असं होतं. 1996 च्या बांधकाम मजूर कायद्यात 50 पेक्षा जास्त बायका असतील तर. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात तर फार शहाणी तरतूद होती, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर मजूर बायांपैकीच एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. मुलं सांभाळणं हेही काम आहे आणि त्याला मजुरी आहे, हे या देशाच्या कायद्याने लिहून दिलेलं आहे! प्रत्यक्षात किती ठिकाणी झालं ते रोहयोवर गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा. आणि बांधकामावरच्या मुलांसाठी 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेश, म्हणजे फिरतं पाळणाघर, सुरू केलं, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं तिथे मजुरांची मुलं धुळीत पडलेली बघून, आणि पुढे मुंबई-पुण्यातही ते काम आलं. म्हणजे काय करायचं ते पन्नास वर्षांपासून माहिती आहे.

[दृश्य: अंगणवाडी, दुपार, मुलं ताटल्या धुतायत]

आता सरकारी पाळणाघराकडे येऊ.

केंद्राची जी आधीची पाळणाघर योजना होती ती फक्त कामावर जाणाऱ्या आईसाठी होती, आणि कामावर जाणारी कोण, तर महिन्यातून किमान 15 दिवस किंवा वर्षातून किमान 6 महिने काम करणारी. फी अगदी नाममात्र होती, दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला 20 रुपये. पण आता त्या सोलापूरच्या ताईचा विचार करा, तिचे 15 दिवस कोण मोजणार? भांगलणीला कधी चार दिवस जाणारी, कधी दहा दिवस जाणारी, तिला तसं लिहून कोण देणार? वर राज्यांचे आणि केंद्राचे पैसे वाटून घेण्याचे घोळ झाले आणि देशभरात वीस हजारांच्या वर असलेली ही पाळणाघरं काही वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास आली. म्हणजे एका मोठ्या जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम काही.

मग 2022 मध्ये मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या योजनेखाली त्याचं ‘पाळणा’ झालं आणि एक वाक्य बदललं, ज्याची बातमी फारशी कुठे झाली नाही. आता ही सोय सगळ्या आयांसाठी आहे, त्या नोकरी करत असोत किंवा नसोत. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, महिन्यातले 26 दिवस, दिवसाला साडेसात तास, आणि शक्य तिथे अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, अशी देशभरात 17 हजार करायची.

या वाक्याने तो सगळा वाद कागदावर तरी मिटतो असं आमचं म्हणणं आहे. मदत बाळामागे गेली, आईच्या कामामागे नाही. घरी असणाऱ्या आईलाही पाळणाघर लागतं ना, दवाखान्यात नंबर लावायचा असतो, सासूबाई आजारी असतात, पोलीस भरतीचा नाहीतर नर्सिंगचा अभ्यास करायचा असतो, आणि काहीच नसलं तरी दोन तास झोपायचं असतं. आणि घरी असणारी आणि कामाला जाणारी या दोन वेगळ्या बायका कुठे असतात? एकच बाई बाळ लहान असताना घरी असते, मग जाते, दुसरं झालं की पुन्हा घरी. कितीतरी जणी तर घरी आहेत त्या मुळात बाळ ठेवायला कुणी नाही म्हणूनच, आणि आपण त्यांना आवडीने घरी बसलेल्या समजून बोलतो.

पण 17 हजार म्हणजे अख्ख्या देशाला 17 हजार. एकट्या महाराष्ट्रात अंगणवाड्याच लाखाच्या वर आहेत. 2 ऑक्टोबर 1975 ला देशभरातल्या 33 प्रकल्पांपासून सुरू झालेली ही अंगणवाडी आज वाडीवस्तीवर आहे, इमारत आहे, आहार आहे, सेविका आणि मदतनीस आहेत. फक्त ती दुपारी बंद होते, आणि तीन वर्षांखालच्या बाळाला तिथून घरी न्यायचं पाकीट मिळतं, बाळाला सांभाळायला जागा मिळत नाही.

[दृश्य: ग्राफिक्स, नकाशा]

परदेशातही हे भांडण झालंय, आणि फार जोरात झालंय.

नॉर्वेने 1998 मध्ये ठरवलं की जे आईबाप लहान मुलाला सरकारी अनुदानाच्या बालवाडीत पाठवणार नाहीत त्यांना त्याऐवजी रोख पैसे द्यायचे. समर्थक म्हणाले हाच न्याय, विरोधक म्हणाले की याने कमी पगाराच्या आणि बाहेरून आलेल्या बायका घरातच राहतील, आणि पुढे नॉर्वेनेच ती योजना आवळत आवळत वर्ष-दीड वर्षाच्या मुलांपुरती आणली. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 ला दोन्ही एकदम आलं, वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागेचा कायदेशीर हक्क, आणि ती जागा न घेणाऱ्यांना रोख भत्ता. विरोधकांनी भत्त्याला चुलीचं बक्षीस म्हणून हिणवलं, आणि 2015 मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने तो रद्द केला, कारण असा कायदा करायचा अधिकार केंद्र सरकारचा नाही म्हणून. इंग्लंडमध्ये आठवड्याच्या 30 तासांची फुकट सोय हवी तर सहसा दोन्ही पालक कमावते लागतात आणि दोघांपैकी कुणाचंही उत्पन्न वर्षाला एक लाख पौंडांच्या वर नको. म्हणजे दोघं प्रत्येकी 99 हजार कमावणारं घर बसतं, आणि एकटा बाप 40 हजार कमावतो आणि आई घरी आहे ते घर बसत नाही. तिथल्या घरी असणाऱ्या आया चिडतात ते का, ते इथे समजतं.

पण या देशांमध्ये रोख घ्यायची की जागा, हा प्रश्न विचारता आला कारण जागा होती. आपल्याकडे काय झालंय, रोख आधी आली. गोव्यात 2012 पासून गृह आधार योजना आहे, खास गृहिणींसाठी, महिन्याला 1500 रुपये. महाराष्ट्रात जुलै 2024 पासून लाडकी बहीण, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या 21 ते 65 वयाच्या बायकांना 1500. या पैशांना नावं ठेवणाऱ्यांमध्ये आम्ही नाही, घरातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात पहिल्यांदा काहीतरी पडतंय. पण 1500 मध्ये बाळ सांभाळायला कुणी मिळत नाही, आणि गावात पाळणाघरच नसेल तर ते पैसे हातात घेऊन ती जाणार कुठे.

[दृश्य: स्वयंपाकघर, संध्याकाळ, बाप सोफ्यावर मोबाईल बघतोय]

आणि अजून एक जण या वादातून अलगद सुटतो, तो बाप. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. मुलं-म्हातारी सांभाळण्यात बायकांचे 137, पुरुषांचे 75, आणि हे सांभाळणाऱ्या पुरुषांचे, मुळात असे पुरुष कमी. जानेवारी 2021 मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाची किंमत धरायलाच हवी असं सांगितलं. बाई गेल्यावर तिच्या कामाचे पैसे मोजता येतात, मग ती असताना का नाही.

[दृश्य: अंगणवाडी सेविका रजिस्टर भरतायत]

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. पाळणा केंद्र राज्य सरकारच्या महिला व बालविकास खात्याच्या प्रस्तावावरून मंजूर होतं, खर्च केंद्र 60 आणि राज्य 40. म्हणून ग्रामसभेत ठराव करा की आमच्या अंगणवाडीला पाळणा जोडा, वस्तीवर सहा वर्षांखालची मुलं किती आहेत ती यादी ठरावाला लावा, आणि यादीत आई काय काम करते हा रकाना ठेवूच नका, योजनेला तो लागत नाही.

आणि त्याच ठरावात हेही लिहा की पाळण्यासाठी वेगळी बाई आणि तिला धड मजुरी पाहिजे. कारण सेविकाताईंना आजही पगार नाही, मानधन आहे, आणि ते वाढावं म्हणून डिसेंबर 2023 पासून जानेवारी 2024 पर्यंत त्यांना संपावर बसावं लागलं होतं. पोषण, लसीकरण, वजन-उंची, ॲपमध्ये माहिती भरणं हे सगळं त्यांच्याकडे आहेच, त्यात संध्याकाळपर्यंत पंधरा बाळं फुकटात वाढवली तर आपण एका आईचं ओझं उचलून दुसऱ्या आईच्या डोक्यावर ठेवू, त्यांचीही मुलं घरी वाट बघत असतात.