कागदाच्या पोटातलं तेल

(दृश्य: बेळगावच्या उद्यमबागेतली ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीची शेड. साखळीवर टांगलेली कॉइल.)

उसाला पाण्याची ओढ बसलेली, आणि नेमका तेव्हाच शिवारातला टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो. निपाणीकडचा असो की चिकोडीकडचा, शेतकऱ्याचं म्हणणं एकच: "उद्याच्याला बसवून द्या की!" त्याचं चूक नाही. पण इथलं सगळ्यात रेंगाळणारं काम बाहेरून दिसतच नाही. ते कागदात चालतं.

(दृश्य: कॉइलवरचा तपकिरी कागद, शेजारी प्रेसबोर्डच्या पट्ट्या.)

हा क्राफ्ट कागद, हा प्रेसबोर्ड, म्हणजे दाबून केलेला जाड पुठ्ठा. दोन्ही लाकडाच्या लगद्याचे. तंतूंमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी, आणि त्यांत हवा नि ओल. उघड्यावरच्या कागदात वजनाच्या ५ ते ८ टक्के पाणी सहज असतं. खानापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून आधी भट्टी. पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरलं, की टाकीतली हवा पंपानं ओढायची आणि खालून गरम तेल सोडायचं, सावकाश.

सावकाशच का? भसाभस ओतलं तर तेल चहूबाजूंनी पट्टीला वेढतं आणि हवा आतच कोंडते. तेल मुरलेला कागद विजेचा ताण सोसतो. हवेच्या चपट्या फटीवर मात्र तो ताण भोवतालच्या कागदापेक्षा सुमारे चौपट पडतो, आणि हवा तर मुळातच दुबळी. तिथे बारीक ठिणग्या सुरू होतात. आवाज नाही, फ्यूज उडत नाही. कागद आतल्या आत काळा पडत जातो.

तेल आत शिरतं ते केशाकर्षणानं, कंदिलाच्या वातीत चढावं तसं. पण जितकं आत, तितकं मंद: दुप्पट खोल जायला चौपट वेळ. कागद लवकर भिजतो, जाड प्रेसबोर्ड अंत पाहतो. तापवलं की तेल पातळ होतं, म्हणून ते गरम. सोयाबीनसारख्या बियांचं तेलही हल्ली वापरतात. ४० अंशांना ते खनिज तेलापेक्षा तिप्पट-चौपट दाट. त्याला आणखी तापवा, आणखी थांबा.

(दृश्य: काचेच्या पात्रात २.५ मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड.)

ही बीडीव्ही चाचणी: किती व्होल्टेजला तेलातून ठिणगी पडते, ते बघायचं. ती तेलाची, प्रेसबोर्डच्या पोटात ते पोचलं की नाही, हे ती सांगत नाही. त्याला उपाय एकच, भरलेली टाकी तशीच ठेवणं. उरलेसुरले बुडबुडे हवा काढलेल्या तेलात हळूहळू विरघळतात. तोवर व्होल्टेज लावायचं नाही.