तिसरी खुर्ची

(दृश्य : रुग्णालयाचा केसपेपर, अगदी जवळून.)

‘घरी पडल्याने डाव्या डोळ्याजवळ मार.’ एवढीच ओळ. खाली गोळ्यांची नावं, वेळ, सही. लिहिणाऱ्या डॉक्टरने मनचं काही घातलेलं नाही, बाईने सांगितलं तेच उतरवलं. ती सांगत होती तेव्हा सासू शेजारी उभी होती, हे मात्र कागदावर कुठेच नाही.

कौटुंबिक हिंसाचारावरची प्रशिक्षणं अशा एखाद्या कागदापासून सुरू झालेली बरी. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ यात पहिला तास गेला, की रात्रपाळी करून आलेल्या परिचारिका पेंगायला लागतात. त्यांचा दोष नाही.

(दृश्य : सभागृह. त्रिकोणात मांडलेल्या तीन प्लास्टिकच्या खुर्च्या.)

मुंबईला या कामाचा इतिहास आहे. एप्रिल १९८१मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद एसएनडीटी विद्यापीठात भरली. १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती ही कल्पना तिथली. २००१मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यावर काम करणारी संस्था यांनी ‘दिलासा’ हे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं समुपदेशन केंद्र सुरू केलं. म्हणून आजही या शहरात अशा कामाच्या खोलीत परिचारिका, हवालदार, समुपदेशक, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, वकील आणि एम.ए.चे विद्यार्थी एकत्र बसतात. एकमेकांवर थोडे वैतागलेलेही असतात, आणि ते चांगलंच आहे.

खोलीत २४ माणसं हवीत, फार तर ३०. तिघातिघांचे गट, भूमिका वाटून. पहिल्या खुर्चीवर कार्यकर्ती, दुसरीवर तक्रार घेऊन आलेली बाई. तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाने बोलायचं नाही. पहिल्या खुर्चीने विचारलेला प्रत्येक प्रश्न शब्दन् शब्द लिहून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. पंधरा मिनिटं झाली की खुर्च्या बदलायच्या. तिन्ही फेऱ्या आणि चर्चा धरून सव्वा तास लागतो. हा सव्वा तास वाचवायला गेलं, तर दिवस नुसता भाषणांचा होतो.

मग कागद वाचायचे, मोठ्याने, टिप्पणी न करता.

‘काय झालं म्हणून मारलं?’ पहिल्या फेरीत हा प्रश्न हटकून येतो. त्यातला ‘म्हणून’ बघा. मारण्याला कारण होतं आणि ते बाईने पुरवायचं, असं तो शब्द आधीच ठरवून टाकतो. ‘तुम्ही काही उलट बोललात का?’, ‘मुलांचा विचार केलात का?’ हे प्रश्नही त्याच कुळातले. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कोरडं ऐकलं, की वीस वर्षं नोकरी झालेला माणूसही खाली बघतो. त्याऐवजी ‘काल नेमकं काय घडलं?’ एवढं पुरतं. पुढचं काम गप्प राहण्याचं, आणि सगळ्यात अवघड तेच. बाई थांबली की कार्यकर्ती लगेच सल्ला द्यायला धावते.

दोन पथ्यं. मारहाण कुणी करून दाखवायची नाही. नवऱ्याची भूमिका कुणालाच द्यायची नाही. आणि शेजारची एक छोटी खोली मोकळी ठेवून तिथे अनुभवी समुपदेशक बसवायची. चोवीस जणांत स्वतः हे भोगलेलं कुणीतरी असू शकतं. कारण न सांगता उठून जायची मुभा आहे, हे सुरुवातीलाच सांगायचं. साहेब आणि त्यांच्या हाताखालची मुलगी एका गटात आली, की ती मुलगी तिसऱ्या खुर्चीवर खरं लिहीत नाही. हेही गट पाडतानाच बघायचं.

(दृश्य : फॉर्म. रिकाम्या रकान्यांवरून फिरणारं पेन.)

दुपारचं सत्र कागदाचं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५चा. अंमल २६ ऑक्टोबर २००६पासून. त्याच्या नियमांतला पहिला नमुना म्हणजे घटना अहवाल. ‘डोमेस्टिक इन्सिडेंट रिपोर्ट’ या इंग्रजी नावावरून सगळे त्याला डीआयआर म्हणतात. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, असे हिंसेचे प्रकार. प्रत्येकाला तारीख, वेळ, जागा.

तारखेपाशीच गाडी अडते. बाई म्हणते, ‘रोजचंच आहे हो.’ मग फॉर्मवर ‘वारंवार’ लिहिलं जातं, आणि कोर्टात समोरचा वकील त्या ‘वारंवार’वर बोट ठेवतो. आठवणीला खुंटी द्यावी लागते. गणपतीच्या आधी की नंतर? शाळा सुरू झाली होती का? त्या दिवशी घरभाडं द्यायचं होतं का? पहिला प्रसंग, सगळ्यात वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग, एवढे तीन नीट लिहिले तरी अर्ज उभा राहतो. त्यातही तारीख नक्की नसेल तर ‘सुमारास’ लिहायचं. अंदाजाने ठोकून द्यायची नाही. चुकीची तारीख ही नसलेल्या तारखेपेक्षा महाग पडते.

आर्थिक हिंसेचा रकाना रिकामाच परत येतो. कारण कुणी विचारत नाही : पगाराचं एटीएम कार्ड कुणाकडे असतं? मंगळसूत्र पतपेढीत गहाण आहे का, पावती कुणाच्या नावावर? स्त्रीधनाची यादी दागिन्यांवर थांबते. लग्नात माहेरहून आलेलं कपाट, भांडी, शिलाई मशीन राहून जातात.

आणि खोली. मुंबईत ‘खोली सासऱ्याच्या नावावर आहे, तुला हक्क नाही’ हे वाक्य बाईला घरातही ऐकू येतं आणि कधी चौकीतही. कायद्याच्या कलम १७चा राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. सामायिक घर, म्हणजे बाई नवऱ्याबरोबर राहिली ते घर, सासू-सासऱ्यांच्या मालकीचंही असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सांगितलं. अर्जानंतर पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकालाचा प्रयत्न ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून कलम २३खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश पहिल्याच अर्जात मागायला शिकवावं लागतं.

कायदा सगळ्यांना एकच असला, तरी दार सगळ्यांना सारखं उघडत नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचं माहेर बंद असतं. तिला ‘काही दिवस आईकडे जा’ हा सल्ला म्हणजे रस्त्यावर काढणंच. कर्णबधिर बाईची दुभाषी नणंदच असेल तर तो जबाब कुणाचा? सामाजिक न्यायाचं सत्र वेगळं घेऊन अर्ध्या तासात आटोपण्यापेक्षा दुसऱ्या खुर्चीवरच्या बाईला ही परिस्थिती देऊन बघावी.

(दृश्य : चाळीतला सामायिक व्हरांडा, पाण्याचे पिंप.)

संशोधकांची अडचण निराळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली. त्या सर्वेक्षणात हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच. नाही मिळाला तर तो भाग सोडून देतात.

दहा बाय बाराच्या खोलीत एकांत आणायचा कुठून? पाण्याच्या वेळेला बाईला फुरसत नसते. दुपारी मोकळीक असते, पण नवऱ्याची रात्रपाळी असेल तर तो तिथेच झोपलेला. बालवाडीची खोली, आरोग्य केंद्र, देवळामागचा कट्टा अशा जागा आधी हेरून ठेवाव्या लागतात. प्रश्नावलीवर आरोग्याच्या प्रश्नांचं एक पान असतं. कुणी आत आलं की मुलाखत घेणारी त्या पानावर जाते. घरी सोडायच्या पत्रकावर ‘हिंसाचार’ हा शब्द नको. फोन करायचा तर कोणत्या नंबरवर आणि किती वाजता, हे तिने सांगायचं. सासूकडे निरोप कधीच ठेवायचा नाही.

निबंध सादर करताना नुसतं नाव बदलून भागत नाही. बोलीभाषा, नवऱ्याचा धंदा, मुलांची संख्या आणि वस्तीचं नाव, एवढ्यावरून त्या वस्तीतला कुणीही बाई ओळखतो. सभागृहात चहा देणाऱ्या मावशीही त्याच वस्तीतल्या असू शकतात.

(दृश्य : खुर्च्या एकावर एक रचल्या जात आहेत. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार.)

साडेचारला आटोपायचं. विरार आणि कर्जतला जाणाऱ्यांना गर्दीच्या आधीची लोकल मिळायला हवी, नाहीतर पुढच्या वेळी त्या येत नाहीत. तिसऱ्या खुर्चीवरचे कागद गोळा करून तिथेच फाडायचे.

प्रशिक्षण लागलं की नाही, ते त्या दिवशीच्या अभिप्राय-फॉर्मवरून कळत नाही. तीन महिन्यांनी त्याच अपघात विभागातले दहा केसपेपर, नावं झाकून, मागवायचे. कुणी मारलं, कशाने, कधी, आणि आज घरी परत जाणं सुरक्षित आहे का, या चार गोष्टी शोधायच्या. नातेवाइकांना औषधाच्या खिडकीवर पाठवून बाईला एकटीला विचारलं असेल, तर त्या सापडतात.

(दृश्य : दुसरा केसपेपर, जवळून.)

‘नवऱ्याने काल रात्री साडेअकराच्या सुमारास पट्ट्याने मारल्याचं सांगते. आज घरी जायची भीती वाटते. समुपदेशकाकडे पाठवले.’