हत्यारांच्या पेटीतली खोबण

नमस्कार श्रोतेहो.

आज हत्यारांच्या पेटीत घालायच्या फोमबद्दल बोलायचं आहे. हा फोम स्वस्तात कुठून आणायचा, कोणता घ्यायचा, कोणता घ्यायचा नाही आणि कापायचा कसा, एवढाच विषय. ज्यांच्या हातात रोज पाना, कानस, माप घ्यायचा व्हर्नियर असतो त्यांना हे बोलणं जवळचं वाटेल. पण घरात ड्रिल मशीन असेल, कॅमेरा असेल, शिवणाच्या चांगल्या कात्र्या असतील, तर तुमच्याही कामाचं आहे.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फिटरचं काम शिकलो आणि तिथेच २३ वर्षं काम केलं. माझ्या मिस्त्रींनी पहिल्या वर्षीच मला बारीक फरक मोजायचा एक डायल गेज दिला होता. स्वतःचा, वापरातला. ‘हा मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, त्याला तसाच जप,’ एवढंच म्हणाले होते. मी तो जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायचो. त्याच पेटीत पाने, त्याच पेटीत हातोडी. एका पावसाळ्यात गोकुळ शिरगावला एका लेथचं, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनचं, अलाइनमेंट बघायला निघालो. पेटी मोटारसायकलच्या मागे बांधलेली, रस्त्यात खड्डे. तिथे पोचून डायल लावला, तर काटा अडकत अडकत फिरायला लागला. प्लंजर, म्हणजे मापाला टेकणारा दांडा, वाकला होता. किती, ते डोळ्यांना दिसतही नव्हतं. पण शंभरावा भाग मोजणाऱ्या वस्तूला एवढं वाकणं पुरतं. काम न करता परत आलो. मिस्त्रींना सांगायला मला दोन दिवस लागले.

तेव्हापासून मी पेटीत काहीतरी मऊ घालायच्या मागे लागलो, आणि पहिल्या वेळी साफ चुकलो. गादीवाल्याकडून स्पंजचे तुकडे आणले. पिवळसर, हलके, दाबले की लगेच फुगणारे. हा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, फोम. हत्यारं त्यात छान बसली, पेटी हलवली तरी आवाज येईना. पण दोन पावसाळे गेल्यावर झाकण उघडलं, तर स्पंज बोटाला चिकटत होता. कोपऱ्यात त्याचा भुगा झाला होता आणि तो भुगा डायलच्या दांड्यावर बसला होता. मायक्रोमीटर या मापाच्या हत्याराच्या चौकटीवर तर स्पंज टेकला होता तेवढ्याच जागी तपकिरी गंज चढला होता.

असं का होतं, हे समजून घ्या, म्हणजे दुकानात फसणार नाही. स्पंजमधले कप्पे एकमेकांत उघडे असतात. दाबला की हवा बाहेर जाते, सोडला की परत आत येते. जिथून हवा ये-जा करते तिथून ओलही करते. हाताचा घाम, पावसातला दमटपणा, तेल, सगळं तो पिऊन घेतो आणि लोखंडाला टेकवून ठेवतो. वर पीयू फोमचे काही प्रकार ओलीनेच आतून तुटत जातात, म्हणून काही वर्षांत त्यांचा चिकट भुगा होतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या पेट्या ज्यांनी उघडल्यात त्यांनी हा भुगा पाहिला असेल.

तेव्हा आपल्याला पाहिजे बंद कप्प्यांचा फोम. ज्यात प्रत्येक बुडबुडा आपापल्या भिंतीत बंद असतो आणि पाणी आत शिरत नाही. ओळखायची साधी रीत आहे. सुपारीएवढा तुकडा कापा, पाण्याच्या वाटीत बुडवून आतल्या आत दोन-चार वेळा दाबा, बाहेर काढून पुसा आणि कोरड्या कागदावर पिळा. कागद ओला झाला, तर तो पेटीसाठी नाही.

असा फोम तुमच्या घरी येऊन गेलेला आहे. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यात कोपऱ्यांना जे पांढरे, जरा चिवट, नख रुतवलं तर हळूहळू वर येणारे ठोकळे असतात, ते ईपीई, म्हणजे फुगवलेलं पॉलिइथिलीन. पॅकिंगच्या धंद्यात याच नावाने मागायचा. बाहेरच्या देशात हत्यारांच्या पेटीसाठी म्हणून वेगळा फोम मिळतो. काइझेन फोम हे त्यातलं एक नाव. काळा, थराथरांचा, हवा तेवढा कापून थर सोलून काढायचा. सोय उत्तमच. पण आयात केलेला मागवला तर एका पेटीच्या फोमला एका चांगल्या पान्याच्या सेटएवढे पैसे जातात, आणि आपल्याकडे नव्याने धंद्याला लागलेल्या पोराला ते झेपत नाहीत.

त्याला तेवढे पैसे घालायची गरजच नाही. आपल्याकडचा जाड ईपीईही बहुतेक वेळा पातळ शीट एकावर एक ठेवून गरम हवेने चिकटवलेला असतो. कडेने नीट बघा, रेषा दिसतील. म्हणजे थर सोलून काढायची सोय यातही आहे. हे मला कळलं तेव्हा मी अर्धा दिवस नुसते तुकडे सोलत बसलो होतो.

मिळतो कुठे? टीव्ही-फ्रिजच्या दुकानामागे, डिलिव्हरी करणाऱ्या पोरांकडे ठोकळे फुकट मिळतात, पण ते वेड्यावाकड्या आकाराचे. सपाट शीट पाहिजे असेल, तर औद्योगिक वसाहतीजवळ पॅकिंगचा माल कापून देणारे असतात, त्यांच्याकडे जा. शिरोलीला, गोकुळ शिरगावला, पुण्याजवळ भोसरी-चिंचवडला कारखान्यांच्या मालासाठी ते रोज फोम कापतात आणि त्यांच्याकडे कटिंगमधून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो. त्यांना म्हणायचं, ‘दादा, कटिंगचा माल वजनावर द्याल का?’ फोम हलका. पॅकिंगचा साधा ईपीई घनमीटरला वीस-पंचवीस किलोच्या आसपास भरतो. एका पेटीपुरता तुकडा घेतला, तर वजनकाट्यावर काहीच येत नाही. हत्यारांच्या दुकानात जाऊन मात्र विचारू नका. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जगातलं कुठलंही हत्यार मिळेल, पण फोम मागायचा तो पॅकिंगवाल्याकडे.

दुसरी जागा चपलांचा कच्चा माल विकणाऱ्यांची. हवाई चपलेचे तळ कापतात ती ईव्हीए नावाच्या रबरासारख्या प्लॅस्टिकची शीट. ईपीईपेक्षा घट्ट आणि जड, कापली की कड आरशासारखी येते. टॅप, रीमर, ड्रिल बिट अशा धारदार वस्तूंना मी हीच वापरतो, कारण ईपीईत धार रुतते आणि खोबण सैल पडत जाते. तिसरी जागा पत्र्याच्या शेडखाली उष्णता अडवायला एक्सएलपीईची, म्हणजे पॉलिइथिलीनच्याच दुसऱ्या एका फोमची, शीट लावतात, त्या कामावरची. एका बाजूला चंदेरी फॉइल असते. काम संपलं की हातभर तुकडे तिथेच पडून असतात. मुकादमाला विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. ही शीट पातळ असते, पण तिचे कप्पे बारीक असतात आणि झाकणाच्या आतून लावायला तिच्यासारखी दुसरी नाही.

थर्माकोल मात्र नको. त्याचे दाणे सुटतात आणि ते हत्याराच्या सांध्यात जाऊन बसतात. स्वयंपाकघराच्या खणात घालायच्या काही मऊ चटया पीव्हीसीच्या असतात, त्याही नको. पीव्हीसी मऊ राहावा म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात, ते वर्षानुवर्षं टेकून राहिलेल्या प्लॅस्टिकच्या मुठीत उतरतं आणि मूठ चिकट होते.

आता कापायचं. इथे घाई केली की फोम वाया जातो.

आधी सगळी हत्यारं कागदावर मांडा. पेटीच्या तळाएवढा कागद घ्या, वर्तमानपत्रही चालेल. रोज लागणारं हत्यार उजव्या हाताकडे, जड ते तळाशी आणि मध्यभागी, नाहीतर पेटी उचलताना एका बाजूला कलते. दोन हत्यारांमध्ये निदान बोटभर फोम राहिला पाहिजे, नाहीतर मधली भिंत फाटते. दोन दिवस तशीच मांडणी ठेवून बघा, हात कुठे जातो ते कळतं. मग तीच मांडणी फोमवर ठेवून पेन्सिलीने कड आखा. पेन्सिल उभी धरा, तिरकी धरली तर आकार आत-बाहेर होतो.

कटर घ्या, तुकडे मोडून नवी धार काढता येते तो. पातं पूर्ण बाहेर काढा आणि धार नवी करून घ्या. प्रत्येक दोन-तीन खोबणींनंतर परत एक तुकडा मोडा. बोथट पातं फोमला कापत नाही, ओढतं, आणि कड फाटलेल्या पावासारखी दिसते. पातं सरळ उभं ठेवा, एका दमात खोल जाऊ नका. पहिल्यांदा नुसती रेघ, मग त्याच रेघेत दुसरा, तिसरा फेरा. किती खोल जायचं ते पात्यावर चिकटपट्टी लावून ठरवा. मग कडेने नख घालून थर उचला. उचललेला तुकडा टाकू नका. खोबण खोल झाली असेल, तर त्याचाच एक थर परत तळाला घालता येतो.

खोबण हत्याराच्या आकारापेक्षा कागदाच्या जाडीइतकी लहान ठेवा, म्हणजे हत्यार घट्ट बसतं. आणि बोट घालायला जागा करायला विसरू नका, नाहीतर पाना नखाने उकरून काढावा लागतो. त्यासाठी माझी रीत सांगतो. इंचभर व्यासाच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपचा तुकडा घ्यायचा, एका टोकाची आतली बाजू गोल कानशीने धार येईपर्यंत घासायची, आणि तो फोमवर टेकवून गोल फिरवत दाबायचा. गॅस्केट पंचासारखंच. खाच अशी निघते की बघत राहावं.

मायक्रोमीटर आणि व्हर्नियर ठेवताना जबडे पूर्ण मिटवू नका, थोडी फट ठेवा. तापमान वाढलं की धातू फुगतो, मिटलेल्या तोंडांवर ताण येतो आणि त्यांच्यामध्ये ओल साठते. खोबणही त्या फटीसकट आखा.

फोम पेटीला चिकटवायचाच असेल, तर ईपीईवर साधा गोंद टिकत नाही. ग्लू गनने चार कोपऱ्यांत चार ठिपके पुरतात. मी तर चिकटवतच नाही. जरासा मोठा कापून दाबून बसवतो, म्हणजे काढून धुता येतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तळाला लाल किंवा पिवळ्या रंगाची पातळ शीट घाला, वर काळा किंवा पांढरा फोम. हत्यार उचललं की त्याच्या आकाराचा लाल डाग दिसतो. विमानांच्या देखभालीत हत्यारांच्या ट्रे अशाच असतात, कारण इंजिनात विसरलेला एक पाना विमान पाडू शकतो. आपल्या कामात विमान नसेल, पण चालू लेथच्या चकवर, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्यावर, राहिलेली चावी माणसाच्या तोंडावर उडते. मशीन सुरू करायच्या आधी पेटीकडे बघायची सवय मी आमच्या पोरांना लावली आहे. लाल दिसला, तर बटण दाबायचं नाही.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आठवड्यातून एकदा सगळी हत्यारं बाहेर काढा. कोरड्या सुती फडक्याने पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा आणि मगच परत ठेवा. फोम पेटीतून काढून पंख्याखाली उभा करून ठेवा, कडक उन्हात नको. पेटीच्या कोपऱ्यात सिलिका जेलची एक पुडी टाका, नव्या बुटांच्या खोक्यात येते तीही चालते.

मिस्त्रींचा तो डायल आम्ही दुरुस्त करून आणला होता. तो आता माझ्या पेटीत उजव्या कोपऱ्यात आहे, ईव्हीएच्या खोबणीत, आणि अजून शंभरावा भाग बरोबर दाखवतो.

नमस्कार.