बत्तीस बोअरचं जुनं पिस्तूल आणि सोलापूरचं ऊन

पडद्यावर दिसतंय ते वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं पिस्तूल, .३२ बोअर (हे नळीचं माप), इंग्लंडात बर्मिंगहॅमला बनलेलं, मॉडेल १९०८ चं. १९११ च्या जानेवारीत लंडनला सिडनी स्ट्रीटवर मोठा गोळीबार झाला, पोलिसांकडची हत्यारं किती जुनी आहेत ते तेव्हा सगळ्यांना दिसलं, आणि मग तिथल्या पोलिसांनी हेच पिस्तूल घेतलं. आपल्यासमोरचं मात्र सोलापुरातलं, जुन्या पेठेतल्या एका घरातलं, वडिलांकडून आलेलं आणि लायसनवर असलेलं. मालकांचं नाव आणि चेहरा दाखवणार नाही, घरात हत्यार आहे हे गावभर करायची गोष्ट नाही. आपण त्यांना काका म्हणू.

काका साफसफाईला बसले की पहिलं काम ठरलेलं. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, बाहेर, मग स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढून चेंबरमध्ये, गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने बघायचं आणि करंगळी लावूनही बघायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, की नवी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि माणसाला वाटतं पिस्तूल रिकामं झालं. इतक्या वर्षांची सवय असूनही ते हे दरवेळी करतात आणि त्या वेळी खोलीत कोणी बोललेलं त्यांना चालत नाही.

मग ट्रिगर गार्ड, चापाभोवतीची कडी. या मॉडेलमध्ये तोच खिट्टीचं काम करतो, तो सोडवला की बॅरल, म्हणजे नळी, आणि स्लाइड पुढून निघतात, एकही स्क्रू काढावा लागत नाही. आणि मला हे फार आवडलं, कारण जुन्या हत्याराची सगळ्यात जास्त नासाडी स्क्रूवर होते. हाताला येईल तो पेचकस लावायचा, खाच फाटते, आणि एकदा फाटली की फाटली.

आता स्प्रिंगचं बघा. बहुतेक पिस्तुलांत मागे गेलेली स्लाइड परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग गोल वेटोळ्यांची असते, ब्राउनिंग या डिझायनरने केलेल्या एफएन १९१० या पिस्तुलात तर ती बॅरलच्या भोवतीच असते. इथे तसं नाही, उजव्या ग्रिपच्या, म्हणजे मुठीवरच्या पट्टीच्या, आत इंग्रजी व्ही आकाराची पट्टीची स्प्रिंग आहे. वेटोळ्याची स्प्रिंग हळूहळू सैल होते आणि तसं जाणवून देते, गोळ्यांची रिकामी खोकी लांब उडायला लागतात, स्लाइड जोरात आपटते. पट्टीची स्प्रिंग बरेचदा काहीच न सांगता तुटते, आणि तुटते कुठून तर बारीकशा गंजाच्या खड्ड्यातून किंवा ओरखड्यातून, चीर तिथूनच सुरू होते. म्हणून त्या ग्रिपच्या आतला गंज बाहेरच्या गंजापेक्षा जास्त वाईट. काका म्हणतात, "बाहेरनं दिसायला लागतंय तवर आतनं खाऊन झालेलं असतंय बघा."

पण ती ग्रिप ते स्वतः काढत नाहीत. ती व्हल्कनाइटची आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, शंभर वर्षांत ते ठिसूळ होतं आणि उजेडाने काळ्याचं तपकिरी पडतं. जोर लागला की कोपरा गेलाच. ते काम लायसनवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे. आणि हे सोलापुरात मुद्दाम सांगावं लागतं, कारण इथे पॉवरलूमचा कुठलाही पार्ट लेथवर करून देणारे इतके हुशार कारागीर आहेत की मनात येतंच, स्प्रिंगच तर आहे, इथेच करून घेऊ. नाही करायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायलासुद्धा लायसन लागतं, कारागीर कितीही चांगला असला तरी त्याला आपण अडचणीत टाकतो.

सोलापूरची हवा कोरडी, पाऊस कमी, त्यातला बराचसा सप्टेंबरात, म्हणून लोकांना वाटतं इथे गंजाची भीती नाही. गंज पावसाने येतो तसा हाताच्या घामानेही येतो, घामात मीठ असतं, आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत कुणाचा हात कोरडा असतो? वरून त्या उन्हात तेल पातळ होऊन खाली उतरतं, वरचा भाग कोरडा आणि खाली थारोळं. त्यात काळ्या मातीची धूळ आणि लूमवरून उडणारी कापसाची तूस बसली की तेलाची पॉलिश पेपरसारखी घासणारी पेस्ट होते. म्हणून तेल थोडं. इतकं थोडं की बोटाला लागेल पण ओघळणार नाही.

आणि खोबरेल तर अजिबात नको! घरात असतं म्हणून लावतात, पण खोबरेल थंडीत गोठतं, आणि फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणारी सुई, त्यात अडकते. शिलाई मशीनचं तेल मिनरल असतं, ते बरं, गन ऑइल असेल तर उत्तमच. नळी साफ करायला पुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी, आणि सुती चिंदी, आणि चांगल्या सुताची चिंदी सोलापुरात मिळणार नाही तर कुठे मिळणार. जुना दारूगोळा वापरला असेल तर आधी पाण्याची चिंदी, कारण जुन्या गोळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या कॅपमधल्या पोटॅशियम क्लोरेटचं जळून मीठ होतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. मग कोरडी चिंदी, मग तेल. ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये नाही, चामड्यातला ओलावा आणि कमावताना वापरलेली रसायनं लोखंड खातात. कापडात गुंडाळून, सोबत सिलिका जेल, तिजोरीत.

ब्लुइंग उडालंय, ते परत करून घ्या असं काकांना किती जणांनी सांगितलं. ते निळं-काळं म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा पातळ थर, नवा चढवायचा तर आधी बफ मारावा लागतो, त्यात कडा गोल होतात, बर्मिंगहॅमची अक्षरं पुसट होतात. मला विचाराल तर ती झीज तशीच ठेवावी, ती त्या पिस्तुलाची स्वतःची आहे.

निवडणुकीत बरेचदा हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला लागतं, कधी महिना दोन महिने. ठाण्याचं काम सांभाळायचं, तेल लावायचं नाही, म्हणून द्यायच्या आधी काका नेहमीपेक्षा जाड थर देतात, पावती घेतात, आणि परत आलं की त्याच दिवशी सगळं उघडतात. चालवून बघायचं तर परवानगी असलेल्या रेंजवरच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस असेल तर २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

काकांचं वय आता सत्तरच्या पुढे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे, लायसनधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच वारसाला लायसनसाठी अर्ज करता येतो. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं, मग माणूस गेल्यावर हत्यार जमा होतं आणि तिथेच गंजत पडतं. काकांच्या मुलीने कागद जमवायला घेतलेत, अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचाय, आणि मॅगझिन आधी, स्लाइड नंतर, हे ती काकांच्या शेजारी बसून शिकतेय.