मुलाखतीआधी गावच्या शाळेत जाऊन बसा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात, बारावी झालेल्या आणि डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका करत असलेल्या मुलामुलींसमोर एका सेवानिवृत्त केंद्रप्रमुख बाईंनी दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढून इथे दिलं आहे.)

मुलामुलींनो, आणि त्यांच्यासोबत आलेल्या आईवडिलांनो,

आधी एक घोटाळा दूर करू. पुष्कळांना वाटतं, डी.एल.एड.च्या प्रवेशालाच मुलाखत असते. डी.एल.एड.ला, म्हणजे गावात आपण अजूनही ज्याला डी.एड.च म्हणतो त्याला, आपल्या राज्यात प्रवेश मिळतो तो बारावीच्या गुणांवर. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद अर्ज मागवते, गुणवत्ता यादी लागते, यादीत नाव आलं की प्रवेश. तिथे तुम्हाला समोर बसवून कोणी काही विचारत नाही. मुलाखत येते ती पुढे. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी झाली, पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, तुम्ही खाजगी संस्थांच्या शाळांना पसंतीक्रम दिला, की ‘मुलाखतीसह’ या प्रकारात तुम्हाला संस्थेपुढे जावं लागतं. तिथे मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून ३० गुण असतात. राज्याबाहेरच्या काही विद्यापीठांत मात्र शिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेतानाच मुलाखत असते.

मग बारावीच्या पोरांना आज कशाला बोलावलं, असं काही पालक मघाशी विचारत होते. कारण मुलाखतीतला पहिला प्रश्न, ‘तुम्हाला प्राथमिकलाच का शिकवायचं आहे?’, याचं उत्तर फॉर्म भरायच्या आधीच हाताशी लागतं. दोन वर्षं कोर्स करून, दोन परीक्षा देऊन, मग पंचविशीत खुर्चीवर बसल्यावर ते शोधायला घेतलं तर ते सापडत नाही. मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेली आहे. ‘मला लहान मुलं फार आवडतात.’ ‘शिक्षक हा समाजाचा शिल्पकार आहे.’ एकामागून एक उमेदवार हेच सांगतात, आणि समोरचे लोक मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खोटं कोणीच बोलत नसतं. पण त्या वाक्यात ते बोलणारं पोरगं, ती बोलणारी पोरगी कुठेच दिसत नाही.

घरी दोन-तीन एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, भरवसा नाही, महिन्याच्या महिन्याला पगार येईल अशी नोकरी पाहिजे, हे कारण असेल तर तेही बोला. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. आमच्या पिढीतले निम्मे शिक्षक याच कारणाने शिक्षक झाले आणि त्यातले कित्येक फार चांगले निघाले. फक्त त्याच्या पुढचं वाक्य तुमच्याकडे असलं पाहिजे: नोकरी पाहिजे, तर मग हीच का?

पालकांनी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून ऐकावी. कोर्स संपला की नोकरी, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिसरी २०२५ मध्ये. मधल्या पाच वर्षांत किती पोरी लग्न होऊन गेल्या, किती पोरं पेट्रोलपंपावर लागली, हे आपण आपल्याच गावात पाहिलं. दुसऱ्या बाजूने, ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. न्यायालयाचं म्हणणं असं, की लहान मुलांना शिकवणं हे वेगळं काम आहे आणि त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. तुम्ही जो कोर्स निवडताय त्याचं मोल या निकालाने पक्कं झालं. हे दोन्ही माहीत असून जो फॉर्म भरतो, त्याने भरावा.

आता तयारी. बाजारात गाईड मिळतात, मोबाइलवर ‘मुलाखतीत विचारले जाणारे ५० प्रश्न’ मिळतात. ते वाचू नका असं मी म्हणत नाही. पण माझं आज एकच सांगणं आहे. तुमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. मुख्याध्यापकांना भेटा, परवानगी घ्या, आणि दुसरीच्या वर्गात मागे, पोरांच्या बरोबरीने खाली बसा. शिकवू नका. एक वही घ्या आणि पोरगं कुठे अडतं ते लिहा. एक दिवस पुरत नाही. पहिल्या दिवशी पोरं तुमच्याकडेच बघत राहतात.

काय दिसेल ते सांगते. फळ्यावर वजाबाकी आहे, ४२ वजा १७. वर्गातली बरीच मुलं उत्तर लिहितात ३५. आपण म्हणतो, चुकलं, आणि लाल रेघ ओढतो. त्याऐवजी त्यातल्या एका मुलाजवळ बसा आणि विचारा, ‘कसं केलंस रे, मले सांग बरं.’ तो सांगेल, ‘सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.’ म्हणजे त्याला वजाबाकी येते. मोठ्यातून लहान वजा करायचं हेही त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही ते इतकंच, की ४२ ही एक संख्या आहे, चार आणि दोन असे शेजारी उभे केलेले दोन आकडे नाहीत. हे एकदा कळलं की शिकवायचं काय तेही कळतं. तुरीच्या काड्या आपल्याकडे प्रत्येक धुऱ्यावर पडलेल्या असतात. त्याचे बोटाएवढे तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधा. चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवा आणि म्हणा, यातल्या सतरा मला दे. सात सुट्या द्यायला जाईल तेव्हा त्याच्याकडे दोनच असतील. थांबा. तोंडातून शब्द काढू नका. काही मुलं आपणच एक जुडी सोडतात. तीन जुड्या उरतात, सुट्या काड्या बारा होतात, त्यातल्या सात जातात, मग एक जुडी जाते, उरतात पंचवीस. ‘दशक सोडवणे’ हे त्याने हाताने केलेलं असतं, शब्द नंतर आला तरी चालतो.

मूल स्वतःच्या अनुभवातून स्वतःच ज्ञान घडवतं, या विचाराला ‘ज्ञानरचनावाद’ म्हणतात. मुलाखतीत उमेदवार हा शब्द हमखास वापरतात. समोरचा विचारतो, ‘म्हणजे वर्गात नेमकं काय कराल?’ आणि तिथे शांतता पसरते. ज्याने ही सुतळी सुटताना पाहिली आहे तो शांत बसत नाही.

संख्यांचंच आणखी एक. ‘पंचवीस’ म्हटलं की पोरगं आधी पाच ऐकतं, मग वीस. म्हणून ते ५२ लिहितं. ‘एकोणसाठ’ सांगितलं की साठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं तुम्हाला प्रत्येक शाळेत भेटतील. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत जोडीला दिली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्यांनी जाहीरपणे बाजू मांडली, टीकाही सोसली. मुलाखतीत याविषयी मत विचारलं तर बाजू कोणतीही घ्या, पण ‘मी अमुक वर्गात बसलो तेव्हा मुलं असं लिहीत होती’ हे आधी सांगा. माझं स्वतःचं मत विचाराल तर जुनी नावं मुलांना आलीच पाहिजेत, बाजारात तीच बोलली जातात. पण शिकण्याच्या पहिल्या पायरीवर ‘वीस पाच’ने पोराची वाट सोपी होते. ती सोपी करण्यात भाषेचा काय अपमान होतो, हे मला तरी कळलेलं नाही.

आता भाषेकडे येते, कारण आपल्या भागात शिक्षकाची खरी परीक्षा तिथेच आहे. तुमची नेमणूक कुठे होईल सांगता येत नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे गेलात तर वर्ग कोरकू बोलेल. झरी-जामणी, केळापूरकडे कोलामी ऐकू येईल. एटापल्लीत गोंडी, भामरागडात माडिया. पुसद-दिग्रसच्या तांड्यावर बंजारा लोकांची गोरमाटी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. म्हणजे मराठीशी त्यांचं नातं नाही. घरी कोरकू बोलणारं सहा वर्षांचं लेकरू पहिलीत येतं तेव्हा त्याच्यासाठी मराठी ही परकीच भाषा असते, आणि आपण त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहितो, ‘वर्गात बोलत नाही’. ते घरी येऊन आजीला दिवसभराच्या गोष्टी सांगतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलं आहे की शक्य तोवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत तोच आग्रह आहे. पण पुस्तक मराठीत आहे आणि शिक्षकाला कोरकू येत नाही, तर सोमवारी सकाळी करायचं काय?

हा प्रश्न तुम्हाला विचारला जाऊ शकतो. विचारला नाही तरी त्याची तयारी ठेवा. पहिल्या महिन्यात तुम्ही त्यांच्या भाषेतले रोजचे शब्द शिकाल, ये, बस, पाणी, भूक लागली, दुखतंय का. अंगणवाडीच्या ताईंना, चौथीतल्या मोठ्या मुलींना मदतीला घ्याल. चित्र दाखवून आधी त्याच्या भाषेतला शब्द विचाराल, तो फळ्यावर देवनागरीत लिहाल, मग शेजारी मराठी शब्द लिहाल. आपली भाषा फळ्यावर उमटलेली पाहून मुलाचा चेहरा कसा होतो, ते मी अनेक वर्गांत पाहिलं आहे. या साध्या गोष्टींसाठी कुठलंही अनुदान लागत नाही.

गैरहजेरीचं थोडक्यात सांगते. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी बहीण लहान भावाला सांभाळायला घरी राहते. गोंदिया-गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलमध्ये घरदार पहाटेच मोह वेचायला जंगलात जातं. मेळघाटातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर पडतात. ‘पालकांचं प्रबोधन करू’ हे उत्तर देऊ नका. त्या आईला शाळेचं महत्त्व कळतं, तिच्यापुढे पोट उभं असतं. तुम्ही त्या मुलासाठी काय कराल ते सांगा. धाकट्यालाही वर्गात बसू द्याल, की परत आल्यावर बुडलेलं वेगळं बसवून घ्याल? कोणता वेळ काढाल? ठोस सांगा.

पाठ घ्यायला सांगतील तेव्हा वेळ दहा मिनिटं, फार तर पंधरा असेल. डी.एल.एड.च्या सराव पाठात प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन असं सगळं टाचणात लिहायची सवय लागते, आणि उमेदवार दहापैकी सहा मिनिटं प्रस्तावनेतच घालवतात. एकच लहान गोष्ट निवडा आणि ती पुरी शिकवा. समोर मुलं नसतील, मोठी माणसं विद्यार्थी होऊन बसतील. त्यातलं कोणी मुद्दाम चुकीचं उत्तर देईल. ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नका. ४२ वजा १७ आठवा, ‘कसं काढलं?’ एवढं विचारा. फळ्यावर अक्षर मोठं आणि सरळ रेषेत असू द्या, त्याचा सराव घरच्या भिंतीवर कोळशाने केला तरी होतो. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग असतात, तेव्हा ‘एका वर्गाला शिकवताना दुसरा काय करेल?’ हे विचारलं जातंच. दुसऱ्या वर्गाचं काम आधी लावून मग पहिल्याकडे वळायचं, हे गावच्या गुरुजींना रोज करताना पाहिलं असेल तर उत्तर आपोआप येतं.

शिक्षणहक्क कायद्यातलं थोडंसं पाठ हवंच. कलम १७ मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घालतं. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. कलम २८ खाजगी शिकवणीला मनाई करतं. नापास न करण्याचं धोरण २०१९ च्या दुरुस्तीने सैल झालं आणि आपल्या राज्यात पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, हेही ठाऊक असू द्या.

आणि शिक्षणतज्ज्ञांची नावं विचारली तर परदेशी नावांच्या आधी वर्ध्याचं नाव घ्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरवली ती वर्ध्यात, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती तिथेच. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, प्रत्यक्ष चालवून दाखवली. तिथली आनंद निकेतन शाळा २००५ पासून पुन्हा सुरू आहे. सूत मोजताना मुलं गणित शिकत होती, शेतात काम करताना विज्ञान. यवतमाळहून वर्धा काही लांब नाही. एकदा जाऊन या.

(शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘बाई, बोलता बोलता वऱ्हाडी निघून गेलं तर गुण कापतील का?’)

कापणारे कापतीलही, मी तुला खोटा दिलासा देणार नाही. प्रमाण मराठीत नीट बोलता-लिहिता येणं तुझ्या कामाचा भाग आहे, पुस्तक त्याच भाषेत आहे, त्यामुळे तिचा सराव कर. रोज वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाच. पण मुलाचं बोलणं सांगताना त्याच्या तोंडचं ‘मले नाई समजलं’ हे तसंच सांग, त्याचं ‘मला समजले नाही’ करू नकोस. आणि घाबरून मध्येच थांबू नकोस. वाक्य वऱ्हाडीत सुरू झालं असेल तर वऱ्हाडीतच पुरं कर, पुढचं प्रमाण मराठीत बोल.