तळ्याच्या काठावरची जमीन

नमस्कार मंडळी. घरामागे तळं खणायचं ठरलं की सगळं बोलणं पाण्याभोवती फिरतं. कमळ कुठे, मासे किती. आज मला बोलायचंय ते पाण्याबाहेरच्या जमिनीबद्दल. काठावरची झाडं जगत नाहीत तेव्हा दोष बहुधा रोपांचा नसतो. पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हे ठरवून जमिनीला आकार दिलेला नसतो.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की तळ्याचा काठ ओला असतो. नैसर्गिक तळ्याचा असतो. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यात पाणी आतच कोंडलेलं राहतं आणि वीतभर पलीकडची माती बाकीच्या आवाराइतकीच कोरडी असते. ती उकरून टाकलेली भुसभुशीत माती असेल तर आणखी लवकर सुकते. तिथे हौसेनं लावलेलं वेखंड मान टाकणारच, कारण त्याला पाणथळ लागते.

मग पाणथळ आपणच करायची. तळ्याच्या सखल बाजूला ३०-४० सेंटिमीटर खोल, पसरट खड्डा घ्या. त्यात अस्तराचा तुकडा घाला, त्याला मोजकी भोकं पाडा, म्हणजे पाणी साचून सडणार नाही आणि झटकन निघूनही जाणार नाही. वर माती भरा. तळं भरून वाहील तेव्हा जादा पाणी याच खड्ड्यात उतरेल अशी वाट काढून द्या. वेखंड, ब्राह्मी, कर्दळ इथे खुशाल लावा. उन्हाळ्यात मात्र या जागेला वरून पाणी द्यावंच लागतं.

आता खणलेल्या मातीचं बघू. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि सरासरी ६० सेंटिमीटर खोल तळ्यातून ३.६ घनमीटर माती निघते, आणि मोकळी झाल्यावर ती फुगून साधारण साडेचार घनमीटर भरते. एवढा ढीग पाहून माणसं गांगरतात आणि चारही बाजूंनी रिंगण घालून मोकळी होतात. तसं करू नका. वरची सुपीक माती आणि खालचा मुरूम यांचे ढीग पहिल्या फावड्यापासून वेगळे ठेवा. एकदा मिसळले की निवडता येत नाहीत. मुरमाचा उंचवटा एकाच बाजूला, तळ्याच्या पाठीशी करा. तो थरांनी भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून चोपा. वर सुपीक मातीचा निदान वीतभर थर द्या, तो मात्र चोपायचा नाही, मुळांना मोकळीक हवी. उतार तीनास एकपेक्षा, म्हणजे तीन फूट आडव्या अंतराला एक फूट उंचीपेक्षा, चढा नको, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात माती पाण्यात येते. त्या उतारावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा आणि त्याचा उतार तळ्यापासून बाहेर काढा. वाफ्यांतलं खत पावसाबरोबर तळ्यात उतरलं की पाणी हिरवं होतं, शेवाळ माजतं. उंचवट्याच्या पायथ्याशी, तळ्याच्या बाजूनं, एक उथळ चर मारून त्याचं पाणी वळवा. काठाची पातळी डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. एक बाजू दोन बोटं जरी खाली राहिली तरी भरलेलं पाणी ते लगेच दाखवून देतं, आणि वरच्या बाजूचं अस्तर कायम उघडं पडतं.

या अस्तराची कड मातीखाली आडवी दाबली जाते, तिथेच गडबड होते. तळ्यातलं पाणी आणि बाहेरची माती एकमेकांना टेकली की माती दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढत राहते. तळं रोज उतरतं आणि आपण गळती शोधत बसतो. कड मातीच्या वर उभी राहू द्या आणि दोन्ही बाजूंनी दगड लावून झाका.

मोठी झाडं काठापासून लांबच बरी; पानगळ पाण्यात कुजते आणि मुळं अस्तराला त्रास देतात. भराव टाकल्यावर लगेच कायमची लागवड करण्याची घाई नको. एक पावसाळा जमीन बसू द्या, तोवर हंगामी काहीतरी लावून माती झाकलेली ठेवा. जिथे खचेल तिथे भर घाला, नळी लावून पातळी पुन्हा तपासा आणि मग झुडपं लावा.