देवाची जमीन, राजाचा कारभार

श्रोतेहो, नमस्कार.

तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाट्यांवर उतरवून ठेवलेले एक काव्य सापडले आहे, आणि त्याची सुरुवात होते ती देवांच्या संपाने. माणूस अजून जन्माला यायचा होता, त्यामुळे कालवे खोदण्याचे आणि गाळ उपसण्याचे काम धाकट्या देवांच्याच गळ्यात पडले होते. वर्षानुवर्षे राबून कंटाळल्यावर त्यांनी आपल्या कुदळी आणि टोपल्या पेटवून दिल्या आणि थोरला देव एन्लिल याच्या वाड्याला रातोरात वेढा घातला. अखेर तोड निघाली ती अशी, की एका देवाला मारून त्याचे रक्तमांस मातीत कालवावे, त्यातून माणूस घडवावा आणि कालव्यांचे ओझे कायमचे त्याच्या डोक्यावर द्यावे.

मानवजातीच्या जन्माची कथा गाळ उपसण्यापासून सुरू व्हावी, हे त्या प्रदेशाला शोभणारेच होते. दक्षिण इराकमध्ये पाऊस जेमतेम पडतो. नाईलचा पूर पेरणीच्या आधी येऊन ओसरत असे. इथे मात्र उत्तरेकडच्या डोंगरांतले बर्फ वितळून नद्या फुगत त्या ऐन वसंतात, सातूचे पीक कापणीला आलेले असताना. पाणी आणायचे आणि तेच पाणी थोपवायचेही, हे काम एकट्यादुकट्या घराचे नव्हते. आणि शेकडो माणसे एका कामाला लावायची, तर त्यांना शिधा देण्यासाठी कोठार हवे, माप हवे आणि हिशेब ठेवणारा हवा. उरुक शहरात इ.स.पू. ३३०० च्या पुढे-मागे ज्या पहिल्यावहिल्या लिखित पाट्या तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेकांवर सातू, मेंढ्या, बिअर आणि शिधा यांच्या नोंदी आहेत. स्तोत्रे आणि राजांच्या कथा पुष्कळ नंतर आल्या. लेखनाचा जन्म कवीच्या हातून झाला नाही, कोठीवर बसलेल्या कारकुनाच्या हातून झाला, हे मला स्वतःला फार लोभस वाटते.

या कोठाराचा मालक कोण, या प्रश्नाचे सुमेरी लोकांचे, म्हणजे दक्षिण इराकच्या त्या प्राचीन रहिवाशांचे, उत्तर सरळ होते: देव. प्रत्येक शहर एकेका देवतेचे असे. उरुक इनान्नाचे, उर चंद्रदेव नन्नाचे, गिर्सू निन्गिर्सूचे. मंदिराला ते नुसते 'ए', म्हणजे घर, म्हणत, आणि त्या घराची शेते, कळप, माग आणि होड्या असत. आपल्याकडच्या देवस्थान इनामाची येथे आठवण होईल, पण इनाम राजा देतो. तिथल्या समजुतीप्रमाणे देव हाच मूळ धनी आणि राजा त्याचा नेमलेला माणूस. 'एन्सी' या राजपदाचा भाव कारभारी या आपल्या शब्दाच्या बराच जवळ जातो. अर्थात सगळीच जमीन मंदिराची होती, हे जुने मत अभ्यासकांनी आता सोडले आहे, कारण खासगी शेतांच्या विक्रीचे दस्तऐवजही मिळाले आहेत.

ही श्रद्धा राज्यकर्त्याच्या फार सोयीची होती, हे उघड आहे. लगश राज्याचा उरुकागिना हा इ.स.पू. २३५० च्या सुमारास गादीवर होता. आपल्या आधीच्या राज्यकर्त्यांनी देवांची शेते बळकावली होती, अधिकारी पुरलेल्या मृताच्या आप्तांकडूनही भरमसाट धान्य आणि बिअर उकळत होते, ते सारे आपण बंद केले आणि विधवा व अनाथ यांना बलवंतांच्या हाती पडू देणार नाही असा निन्गिर्सूशी करार केला, असे त्याने लिहवून ठेवले. त्याच काळातल्या हिशेबाच्या पाट्या मात्र थोडी वेगळी हकीकत सांगतात. पूर्वी 'राणीचे घर' म्हणून ओळखली जाणारी मोठी जहागीर आता बाऊ देवीच्या नावावर झाली, पण तिचा कारभार पाहत होती ती उरुकागिनाची राणी शाशा हीच. राजाचा शिलालेख आणि कारकुनाची पाटी शेजारी ठेवून वाचण्याची सोय फार थोड्या प्राचीन संस्कृतींनी करून ठेवली आहे.

तरीही ही श्रद्धा केवळ पांघरूण होती, असे मी म्हणणार नाही. सातूच्या कर्जावर तेहतीस टक्क्यांच्या आसपास व्याज चाले. एक पीक बुडाले की कुणबी बायकामुलांना सावकाराकडे गहाण टाकी. अशा वेळी राजाने कर्जे रद्द करणे हे त्याचे धर्मकार्य मानले जाई. त्यासाठी सुमेरी भाषेत 'अमार्गी' हा शब्द होता, आणि त्याचा शब्दशः अर्थ आईकडे परतणे असा होतो. लगशच्याच एन्मेतेनाने इ.स.पू. २४०० च्या सुमारास, आपण मुलाला आईकडे आणि आईला मुलाकडे परत पाठवले, असे अभिमानाने कोरून ठेवले आहे. पुढे बाबिलोनमध्ये हम्मुराबीच्या वंशातल्या राजांनीही अशी फर्माने काढली. त्यात करुणेइतकाच हिशेबही होता, कारण सावकाराच्या घरी राबणारा माणूस राजाच्या कालव्यावर आणि सैन्यात येऊ शकत नव्हता. हम्मुराबीच्या संहितेतले अठ्ठेचाळिसावे कलम सांगते, की वादळाने शेत बुडाले किंवा पाण्याअभावी धान्य पिकले नाही, तर कर्जदाराने त्या वर्षी सावकाराला धान्य द्यायचे नाही, व्याजही द्यायचे नाही.

धन्याने कारभाऱ्याला जाब विचारावा, तसा एक विधीही बाबिलोनमध्ये होता. त्याचे तपशील पुष्कळ उशिराच्या, ग्रीक अमलातल्या पाट्यांवर मिळतात. वसंतातल्या नववर्षोत्सवाच्या पाचव्या दिवशी राजा बाबिलोनचा देव मार्दुक याच्या मंदिरात जाई. मुख्य पुजारी त्याचा राजदंड आणि मुकुट काढून देवापुढे ठेवी, त्याच्या थोबाडीत मारी आणि कान धरून त्याला जमिनीपर्यंत वाकायला लावी. राजाने म्हणायचे, की मी पाप केले नाही, तुझी हेळसांड केली नाही, बाबिलोनचा नाश केला नाही आणि तुझ्या आश्रित नागरिकांच्या गालावर मी हात उगारला नाही. मग मुकुट परत मिळे आणि पुजारी पुन्हा एकदा त्याच्या गालावर मारी. या वेळी राजाच्या डोळ्यांतून पाणी आले तर देव प्रसन्न आहे, असे समजत. डोळे कोरडे राहिले तर देव रागावला आहे, शत्रू उठेल आणि या राजाला पाडील.